मेमरामकुकच्या तीन बहिणी: एका शोधाची हकिकत

माझ्या सासूबाईंच्या आजीबद्दल घरात मोजक्याच गोष्टी सांगितल्या जात. ती लहानपणीच पोरकी झाली, तिला दोन मोठ्या बहिणी होत्या आणि त्या तिघी एका घरात वाढल्या नाहीत. आई-वडील एकाच हिवाळ्यात गेले असे कोणी म्हणे, थोरली बहीण ‘स्टेट्सला’ गेली असे दुसरे कोणी म्हणे. बहिणींची नावे मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. सासूबाईंनी आजीला पाहिले होते, पण तिच्या तोंडून बहिणींचा विषय निघाल्याचे त्यांना आठवत नव्हते. ऐंशी ओलांडल्यावर त्यांना याची फार रुखरुख लागली आणि त्यांनी हा शोध माझ्यावर सोपवला. प्रत्यक्षात तो आम्ही दोघींनी मिळून केला, कारण एकोणिसाव्या शतकातील पाद्र्यांचे फ्रेंच हस्ताक्षर मला एकटीला लागले नसते. कुटुंबाच्या इच्छेनुसार येथे मी कोणाचेही नाव देत नाही. थोरली, मधली आणि धाकटी एवढेच म्हणते. धाकटी म्हणजे सासूबाईंची आजी.

आमचे घर कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात मॉन्क्टनला आहे आणि सासरची मंडळी अकेडियन, म्हणजे १६०४ पासून या किनाऱ्यावर येऊन वसलेल्या फ्रेंच शेतकऱ्यांचे वंशज आहेत. १७५५ साली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना घरादारातून उठवून जहाजांत भरायला सुरुवात केली आणि १७६३ पर्यंत दहा हजारांच्या आसपास माणसे देशोधडीला लागली. जी जंगलात लपून राहिली किंवा पुढे परतली, त्यांच्यातील बरीच कुटुंबे मेमरामकुकच्या खोऱ्यात स्थिरावली. म्हणूनच या खोऱ्याला नव्या अकेडियाचा पाळणा म्हणतात. १८६४ मध्ये येथे फादर कामिय लफेव्हर यांनी सेंट जोसेफ कॉलेज काढले. १८८१ मध्ये अकेडियनांचे पहिले राष्ट्रीय अधिवेशन येथेच भरले आणि १५ ऑगस्ट हा त्यांचा राष्ट्रीय सण ठरला. तिघी बहिणी नेमक्या याच गावात आणि याच काळात वाढल्या. त्या वर्षांचा इतिहास पुस्तकांत भरभरून आहे, पण त्यात भाषणे करणारे पुरुष आहेत, पाद्री आहेत, संपादक आहेत. तीन पोरक्या मुलींसाठी आम्हाला दुसरीकडेच वळावे लागले.

पहिली अडचण आडनावांची होती. हद्दपारीनंतर परतलेली मूळ कुटुंबे थोडी असल्यामुळे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या धर्मग्रामाच्या, वहीत पानोपानी लब्लाँ, कॉर्मिए, लाँद्री, गोदे, बूर्ज्वा, लेजे हीच आडनावे येतात, आणि नावेही आजोबांची नातवाला व आजीची नातीला ठेवलेली असतात. एकाच नावाचे चार-पाच जण एकाच वेळी हयात असणे हे तेथे नेहमीचेच. माझे माहेर वसईच्या ख्रिस्ती वस्तीतले असल्यामुळे मला याचे नवल वाटले नाही. आमच्याकडेही पोर्तुगीज काळापासूनची ठरावीक आडनावे इतक्या घरांत आहेत की घराच्या टोपणनावाशिवाय माणूस ओळखू येत नाही. अकेडियनांनी यावर काढलेली तोड म्हणजे नावापुढे बापाचे आणि आजोबाचे नाव जोडायचे, पियेरचा मुलगा जोसेफ आणि त्याची मुलगी मारी अशी माळ. बोलण्यात ही माळ सर्रास चाले, पण पाद्री ती वहीत क्वचितच लिहीत. त्यामुळे धाकटीचा बाप नेमका कोणता, हा प्रश्न पहिल्याच पायरीवर आडवा आला, कारण त्या नावाचे दोन विवाहित पुरुष त्या पॅरिशमध्ये एकाच पिढीत होते.

आम्ही धाकटीच्या लग्नाच्या नोंदीपासून सुरुवात केली. माझ्या मते असा शोध नेहमी लग्नापासूनच सुरू करावा, कारण कॅथलिक वहीत सर्वांत जास्त माहिती त्या नोंदीत असते. न्यू ब्रन्सविकमध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंदणी प्रांतभर १८८८ मध्ये सुरू झाली. त्याआधीचे बहुतेक सगळे चर्चच्या वह्यांवरच अवलंबून असते. नोंद जेमतेम पंधरा ओळींची होती. शाई तपकिरी पडलेली, डावीकडच्या समासात वर-वधूंची नावे आणि उजवीकडे एका दमात लिहिलेले लांबलचक वाक्य. सासूबाई मोठ्याने वाचत गेल्या आणि मी लिहून घेत गेले. वधू ‘अल्पवयीन कन्या’, म्हणजे एकवीस वर्षांखालील. पित्याच्या नावाआधी आणि मातेच्या नावाआधीही कैलासवासी या अर्थाचा शब्द. आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट, आणि ही या वह्यांची फार मोठी देणगी आहे, कारण अकेडियन बाई लग्नानंतरही चर्चच्या वहीत माहेरच्याच आडनावाने राहते. त्यानंतर ‘तिसऱ्या ते चौथ्या पिढीतील रक्तसंबंधाची सूट’ दिल्याचा उल्लेख आणि शेवटी वर-वधूंना सही करता येत नसल्याचे निवेदन.

रक्तसंबंधाच्या सुटीच्या त्या अर्ध्या ओळीने आमची पहिली गाठ सोडवली. त्या काळी चर्च चौथ्या पिढीपर्यंतच्या नातलगांचे लग्न बिशपच्या परवानगीशिवाय लावत नसे. तिसऱ्या ते चौथ्या पिढीचा संबंध याचा अर्थ असा की एका बाजूने तीन पिढ्या आणि दुसऱ्या बाजूने चार पिढ्या वर गेले की दोघांचे पूर्वज एकच निघाले पाहिजेत. आम्ही त्या दोन्ही सारख्या नावांच्या पुरुषांच्या वंशावळी मांडल्या. मॉन्क्टन विद्यापीठातील आन्सेल्म शियास्सों अकादी अभ्यास केंद्रात प्लासिद गोदे यांची टिपणे आहेत. १८५० मध्ये काप-पेले येथे जन्मलेल्या या माणसाने गावोगावच्या वह्या हाताने उतरवून घेण्यात आयुष्य घातले, आणि अशा कामाला बसणाऱ्याला त्यांचे ऋण पदोपदी जाणवते. त्या टिपणांच्या आधाराने मांडलेल्या दोन वंशावळींपैकी एकच त्या सुटीशी जुळली. धाकटीचा बाप ठरला आणि आईच्या माहेरच्या आडनावाने त्यावर शिक्कामोर्तब झाले.

बाप कळल्यावर बहिणींचे बाप्तिस्मे सापडायला वेळ लागला नाही. १८६० च्या दशकात एकाच जोडप्याच्या तीन मुली, मधल्या अंतरात एक मुलगा, तोही तान्हेपणीच पुरलेला. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई-बापांखेरीज धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाळाच्या वतीने शब्द देणारे त्याचे धर्मपालक, यांची नावे असतात. बहुतेक लोक ती उतरवून घेत नाहीत, कारण वंशावळीच्या झाडात त्यांना जागा नसते. आम्ही मात्र मुद्दाम वेगळा कागद करून तिन्ही मुलींचे धर्मपालक लिहून ठेवले. थोरलीचा धर्मपिता बापाचा भाऊ होता. मधलीचे दोन्ही धर्मपालक म्हणजे एक शेजारचे जोडपे, ज्यांच्या स्वतःच्या मुलाचा एकही बाप्तिस्मा वहीत मिळत नव्हता. धाकटीची धर्ममाता आईची बहीण होती. पुढचा सगळा शोध या कागदावरच उभा राहिला.

धाकटीच्या बाप्तिस्म्यानंतर दोनच पानांनी आईचे दफन लागले. वय तिशीचे, अमुक याची पत्नी, दोन साक्षीदार. मृत्यूचे कारण पाद्री लिहीत नसत, पण तारखांतले अंतर पाहता सांगायची गरज नव्हती. सासूबाईंनी त्या पानावर बराच वेळ बोट ठेवले होते. बापाचे दफन मात्र त्या हिवाळ्यात नव्हतेच. ते आणखी अडीचेक वर्षांनी, १८७० च्या अखेरीस मिळाले. म्हणजे ‘दोघे एकाच हिवाळ्यात गेले’ ही घरातली समजूत खरी नव्हती. तान्ही मुलगी आणि वरच्या दोघी घेऊन तो माणूस अडीच वर्षे एकटा होता. त्याने दुसरे लग्न केले नाही, आणि त्या काळच्या विधुराच्या बाबतीत हे सहसा होत नसे.

असे का, याचे उत्तर १८७१ च्या जनगणनेत मिळाले. कॅनडाच्या एकोणिसाव्या शतकातील जनगणनांपैकी फक्त याच एका वर्षाची सगळी परिशिष्टे शिल्लक आहेत, आणि त्यांतले दुसरे परिशिष्ट २ एप्रिल १८७१ च्या आधीच्या बारा महिन्यांत मेलेल्यांचे आहे. त्यात नाव, वय, धर्म, धंदा, मृत्यूचा महिना आणि कारण असे रकाने आहेत. बाप डिसेंबरात गेला होता, म्हणून तो त्या यादीत आला. कारण क्षय. तो बहुधा बरीच वर्षे आजारी असावा. वाढत्या आजारात घर कसे चालले असेल आणि कोणी मुलगी त्याला का दिली नसेल, हे त्या एका शब्दाने उलगडले. जो कोणी १८७१ च्या आसपासचा अकेडियन माणूस शोधत असेल, त्याने हे परिशिष्ट सोडू नये.

मुली त्याच जनगणनेत शोधणे जास्त कठीण गेले. १८७१ मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते काय हा रकाना नव्हता, १८८१ मध्येही नव्हता. कॅनडाच्या जनगणनेत तो १८९१ मध्ये आला. त्यात ‘ओझित’, ‘स्कोलास्तिक’ असली अकेडियन नावे इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली असतात, ती अनुक्रमणिकेत सापडत नाहीत. आम्ही शोधयंत्र बाजूला ठेवले आणि धर्मपालकांच्या कागदावरची घरे पाने उलटून पाहिली. तिन्ही मुली तिथे होत्या. काकाच्या घरी त्याच्या सहा मुलांच्या खाली दहा वर्षांची थोरली, मूल नसलेल्या शेजाऱ्यांकडे मधली, आणि मावशीच्या घरी, मावशीच्या नवऱ्याचे आडनाव असलेल्या चुलत-मावस गोतावळ्याच्या तळाशी, स्वतःच्या आडनावासह तीन वर्षांची धाकटी. बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्याने ज्या मुलीसाठी शब्द दिला होता, त्याने ती मुलगी घरी नेली होती.

मला याचे विशेष वाटते, कारण त्या प्रांतात दुसरी वाटही होती. १७८६ च्या कायद्याने प्रत्येक नागरी पॅरिशमध्ये, म्हणजे परगण्याच्या सरकारी विभागात, गरिबांचे देखरेखदार नेमले जात. निराधार मुले त्यांच्यामार्फत कराराने कामाला बांधली जात, आणि निराधार माणसांचा लिलाव करून जो सर्वांत कमी पैसे मागेल त्याच्या घरी त्यांना ठेवण्याची पद्धत प्रांताच्या काही भागांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. मेमरामकुक तेव्हा डॉर्चेस्टरच्या नागरी पॅरिशमध्ये मोडत होते. सासूबाईंच्या मनात ही भीती पहिल्यापासून होती, त्यांनी ती बोलून दाखवली नव्हती एवढेच. तीन धर्मपालकांची तीन घरे एकाखाली एक लिहून मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे कोणी बोली लावली नव्हती.”

पुढच्या दहा वर्षांबद्दल जवळजवळ काहीच मिळाले नाही, त्यामुळे ते मी थोडक्यात सांगते. १८८१ च्या जनगणनेत मधली आणि धाकटी आपापल्या जागी होत्या. थोरली काकाच्या घरी नव्हती, गावातही नव्हती. तिचे लग्न मेमरामकुकच्या वहीत नाही, दफनही नाही. शेडियाकहून १८६७ पासून निघणाऱ्या ‘ल मोनितर आकादियँ’ या फ्रेंच वर्तमानपत्राचे त्या वर्षांचे अंक पाहिले, त्यातही तिचे नाव आले नाही.

ती सापडली धाकटीच्या पहिल्या मुलीच्या बाप्तिस्म्यात. त्या नोंदीत धर्ममाता म्हणून थोरलीचे नाव होते, ‘अमुक याची पत्नी’ असे पुढे लिहिलेले, आणि ती गैरहजर असल्यामुळे तिच्या वतीने मावशीने बाळाला धरल्याचे नमूद केले होते. चर्च अशी बदली मान्य करते आणि काटेकोर पाद्री ती लिहून ठेवतो. म्हणजे लहानपणापासून वेगळ्या घरांत वाढलेल्या, त्यातली एक दूर देशी गेलेली, अशा दोन बहिणींचा संबंध तुटलेला नव्हता. धाकटीने आपल्या पहिल्या लेकीची धर्ममाता म्हणून थोरलीचेच नाव दिले. आजवर जेवढी पाने पाहिली त्यांवरून माझे मत असे झाले आहे की पोरकी मुलगी तिच्या स्वतःच्या नोंदींपेक्षा इतरांच्या नोंदींत जास्त सापडते, कुणाची धर्ममाता म्हणून, कुणाच्या लग्नाची साक्षीदार म्हणून, कुणाच्या घरातले परके आडनाव म्हणून. तिच्या नावाने जमीन नसते, दुकान नसते, तिच्यावर कोणी मृत्युलेख लिहीत नाही. म्हणून अशा मुलीसाठी अख्खी वही वाचावी लागते.

नवऱ्याचे नाव हाती आल्यावर आम्ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सकडे वळलो. त्या राज्यात जन्म, लग्न आणि मृत्यू यांची नोंदणी १८४१ पासून राज्यभर होते आणि लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या आई-वडिलांची नावे असतात. त्या काळात हजारो अकेडियन लिन, वॉल्थम, फिचबर्ग, न्यू बेडफर्ड अशा शहरांतल्या कारखान्यांत कामाला गेले आणि तिथे त्यांची आडनावे बदलली, लब्लाँचे व्हाइट झाले, पुआरिएचे पेरी झाले. थोरलीच्या नवऱ्याचेही असेच भाषांतर झाले होते. बुटांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लिन शहरात तिचे लग्न लागले होते. आईचे माहेरचे आडनाव वेडेवाकडे पण ओळखू येईल असे लिहिलेले होते आणि बापाचे नाव बरोबर होते.

तिघींना एकत्र पाहायला मात्र फ्रेडरिक्टनचे प्रांतिक अभिलेखागार गाठावे लागले. बाप गरीब असला तरी भूमिहीन नव्हता, हे ध्यानात घेऊन मी वेस्टमोरलंड परगण्याच्या जमिनीच्या दस्तांची मायक्रोफिल्म मागवली. या खोऱ्यातल्या शेतीचा जीव खाजणात, म्हणजे भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीत आहे. फंडीच्या उपसागराची भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक. तिचे पाणी अडवायला अकेडियनांनी मातीचे बांध घातले आणि बांधाच्या पोटात लाकडी मोरी बसवली, जिची झडप ओहोटीला गोडे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला समुद्राच्या दाबाने आपोआप मिटते. त्याला ते आबुआतो म्हणतात. अशा बांधाआडच्या खाजणातला छोटा हिस्साही गवतामुळे मोलाचा असे, आणि बापाचा तसा हिस्सा होता.

दस्त १८८९ नंतरचा आहे, म्हणजे धाकटीने एकविसावे वर्ष पूर्ण केल्यावर लगेचचा. तोवर तिचा वाटा कायद्याने कोणाला देता आला नसता. फ्रेंच गावातला कागद, पण भाषा सगळी इंग्रजी. मृत अमुक याच्या तीन कन्या आणि वारस आपला खाजणातला व वरकस जमिनीतला हक्क बापाच्या भावाला विकत आहेत, असा मजकूर. थोरलीने आपला भाग मॅसॅच्युसेट्समध्ये नोटरीसमोर पुरा केला होता. दोघी विवाहित बहिणींची नवऱ्यापासून वेगळी विचारपूस करून, त्या कोणाच्या धाकाशिवाय संमती देत आहेत याची खात्री केल्याचा शेरा होता. त्या काळच्या कायद्यात विवाहित स्त्रीच्या दस्ताला तो आवश्यक असे. वहीत दस्ताची नक्कल असते, त्यामुळे सह्या लेखनिकाच्या हातच्या, पण त्याने खुणा जशाच्या तशा उतरवल्या होत्या. थोरलीच्या नावामध्ये फुली, धाकटीच्या नावामध्ये फुली, आणि मधलीच्या नावात फुली नव्हती. तिने सही केली होती.

मधलीला लिहिता येत होते, याचा अर्थ तिला शाळा मिळाली होती. १८७३ मध्ये सेंट जॉनच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या जोगिणींच्या (नन्सच्या) संघाने मेमरामकुकमध्ये कॉन्व्हेंट काढले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. १८५४ च्या कॉलऱ्यात सेंट जॉन शहरात पोरक्या झालेल्या मुलांना सांभाळण्यासाठीच हा संघ स्थापन झाला होता. १८९१ च्या जनगणनेत ती शेजाऱ्यांच्या घरी नाही आणि तिचे लग्नही कुठे नाही, म्हणून ती जोगीण झाली असावी असा सासूबाईंचा कयास होता. व्रत घेताना नाव बदलते, त्यामुळे मी तिच्या जन्मतारखेवरून आणि आई-वडिलांच्या नावांवरून चौकशी केली आणि होकार मिळाला. ती दस्तानंतर थोड्याच काळाने संघात गेली, लहान मुलांना शिकवत राहिली आणि १९२४ मध्ये फ्रेंच भाषक जोगिणींनी वेगळा संघ स्थापन करण्यापूर्वीच वारली.

धाकटीच्या घराची १८९१ ची नोंद आम्ही शेवटी पाहिली. नात्याचा रकाना आता होता. नवरा, ती, लहान मुलगी आणि त्यांच्याखाली एक विधवा स्त्री, कुटुंबप्रमुखाच्या पत्नीची मावशी. जिने तिला वाढवले, ती उतारवयात तिच्याकडे राहायला आली होती.

सध्या आम्ही थोरलीच्या मुलांचे बाप्तिस्मे शोधत आहोत. लिनमध्ये तिची किमान तीन मुले जन्मल्याचे राज्याच्या नोंदींवरून दिसते, आणि त्यांच्या धर्ममाता कोण होत्या हे पाहिल्यावर मधलीचे किंवा धाकटीचे नाव तिथे येते का, ते कळेल. सासूबाईंनी तिघींची नावे घरच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या आतल्या पानावर आई-वडिलांच्या नावांखाली लिहून ठेवली आहेत आणि थोरलीच्या वंशजांसाठी एक पत्र फ्रेंचमध्ये व एक इंग्रजीत तयार ठेवले आहे. नावे हाती आली की ते पाठवायचे आहे.